भिंत आणि चौकट

दिवाळी तोंडावर आली की घरातल्या साऱ्या जुन्या गोष्टींची एकाएकी लाज वाटू लागते. आमचे बिऱ्हाड पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात. भाऊबिजेला अक्का येणार, बाहेरच्या खोलीतली उन्हाची तिरीप नेमकी तिच्या डोळ्यांवर येते, तेव्हा खिडकीला पडदा हवाच, असा सौभाग्यवतींचा आग्रह पडला. पडदा आला, त्याचा गज आला, आणि आठवड्याभरात तो गज तीनदा खाली आला.

पहिल्यांदा स्क्रू आखूड म्हणून लांब आणला. दुसऱ्यांदा भोकात सिमेंट भरले. तिसऱ्यांदा तो सिमेंटचा गोळा स्क्रूला घट्ट धरून तसाच बाहेर आला आणि मागे पेरूएवढे भगदाड उरले. जमिनीवर मातीचा ढीग पाहून मी निकाल देऊन टाकला, "भिंतच नालायक!"

शेवटी सुताराला बोलावले. म्हातारा माणूस. त्याने आधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली. कुठे टणक, कुठे बद्द. मग म्हणाला, "साहेब, या घराचं छप्पर भिंतीवर नाही, खांब-तुळयांवर आहे. भिंत नुसती मधली जागा भरते. विटा आणि माती, वर चुन्याचा गिलावा. तिला जे काम कधी सांगितलंच नव्हतं, ते तुम्ही आज तिच्याकडून मागताय."

वजनाचेही त्याने समजावून सांगितले. पडदा आणि गज मिळून चारेक किलो. एवढे तर भिंत सहज पेलील. परंतु गज भिंतीपासून चार बोटे पुढे असतो. पडदा सरकवताना आपण हिसका देतो, आणि तो हिसका वरच्या स्क्रूला खाली न ओढता बाहेर खेचतो. अशक्त भिंत भाराने पडत नाही, हिसक्याने पडते. सिमेंटने तर उलटेच होते. मऊ मातीत कठीण गोळा बसला की ओढ लागताच तो भोवतालची मातीही घेऊन निघतो. आणि गिट्टी? १९११ च्या सुमारास लंडनच्या जॉन रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांची गिट्टी काढली. आजची प्लॅस्टिकची गिट्टी तिचीच नात. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि भोकाच्या कडांना रेटते. पण कडाच भुसभुशीत असल्या तर ती रेटणार कोणाला?

म्हाताऱ्याने खिडकीहून हातभर लांब अशी सागाची फळी आणली. तिचा खालचा काठ चौकटीच्या वरच्या लाकडाला चार स्क्रूंनी आवळला, आणि दोन टोकांना, जिथे भिंत टणक वाजली होती तिथे, एकेक स्क्रू भिंतीत दिला. गज त्या फळीवर बसला. तत्पूर्वी मात्र त्याने टोच्या घेऊन चौकटीचे लाकूड जागोजाग टोचून पाहिले. मला हसू आले. म्हटले, "अहो, ती तर भक्कम आहे!"

"भक्कम दिसते," तो म्हणाला. "वाळवी आतून पोखरते, साहेब. वरचा रंग तसाच राहतो."

हे वाक्य मला रात्री झोपू देईना. वडील गेले तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची होती, मी अकरा. मी नाजूक आणि अभ्यासू म्हणून माझ्यावर कोणी काही टांगले नाही. अक्काने कॉलेज सोडून नोकरी धरली, आईचे आजारपण काढले, माझी फी भरली. तिचे स्वतःचे लग्न पस्तिशीला झाले. 'अक्का खंबीर आहे' असे आमच्या घरात कौतुकाने म्हटले जाई. आज मला तो कामाच्या वाटणीचा सोयीस्कर ठराव वाटतो. एकदा ठराव झाला की पुन्हा विचारायला नको.

ज्याला पेलते त्यानेच उचलावे, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. दुर्बळावर ओझे लादून घर पाडण्यात कसला न्याय? सुतारानेही भार चौकटीवरच घातला. पण त्याने चौकट आधी टोचून पाहिली. आम्ही अक्काला कधी विचारलेही नाही. आणि भिंतीलाही त्याने अगदीच मोकळे सोडले नाही. ते टोकाचे दोन स्क्रू पाहताना मला माझी जागा कळली. बाजारहाट, आईची औषधे, रात्रीचे एखादे जागरण, एवढे त्या अकरा वर्षांच्या पोराला पेलले असते. मोठा झाल्यावर तर नक्कीच पेलले असते. नाजूक असल्याचा मान मी फार वर्षे भोगला.

भाऊबिजेला अक्का आली. ओवाळून झाले, फराळ झाला. मी हे सारे तिला सांगायचे ठरवले होते. "अक्का, तुला त्या वेळी फार जड गेलं का गं?" एवढेच कसेबसे विचारले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कॉलेजची पुस्तकं मी विकली नव्हती. सात-आठ वर्षं ट्रंकेत होती." आणि उठून खिडकीशी गेली. पडदा हळूच बाजूला सरकवला, वर पाहिले.

"फळीला रंग द्यायचा राहिला की रे," ती म्हणाली.