तिरप्या अक्षराचे त्रिगुण

‘अक्षर’ म्हणजे जे क्षरत नाही, अर्थात झिजत वा नाश पावत नाही ते, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते आणि भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायाचे ‘अक्षरब्रह्मयोग’ हे नावही याच अर्थावर उभे आहे. परंतु हे अविनाशी अक्षर डोळ्यांपुढे येते ते मात्र जाड वा बारीक, ताठ वा तिरपे होऊनच, आणि त्यामुळे हे रूप अर्थामध्ये काही भर घालते की केवळ त्याचे आवरण असते, असा प्रश्न उपस्थित होतो.

हा प्रश्न रस्त्यावरच्या फलकांपुढेही पडतो. रायगड जिल्ह्यातील वडखळ येथे मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो आणि गणेशमूर्तींसाठी ख्यातनाम असलेले पेणही तेथून जवळच आहे, त्यामुळे भाद्रपदात गावी निघालेल्या चाकरमान्यांसमोर दिशादर्शक पाट्या आणि स्वागताचे फलक एकाच वेळी येतात. अशा फलकांवर ठळक, तिरपा आणि ‘सॅन्स सेरिफ’, म्हणजे अक्षरांच्या टोकांशी आडव्या बारीक रेघा नसलेला, टंक अनेकदा योजला जातो. रोमन लिपीतील तिरपा टंक इ. स. १५०० च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियस या मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो याने धावत्या हस्ताक्षरावरून कोरला. मराठीत धावत्या लेखनासाठी मोडी ही निराळी लिपीच असल्याने बाळबोध अक्षर ताठ राहिले आणि त्याचा कल हा मुद्रणकाळातील संस्कार ठरला.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सत्त्व हलके व प्रकाशक, रज चालना देणारे व चंचल, तर तम जड व झाकणारे मानले आहे, आणि परस्परविरोधी असूनही हे गुण दिव्याप्रमाणे एका प्रयोजनासाठी एकत्र येतात, असे म्हटले आहे. या दृष्टीने पाहता, टंकाच्या ठळकपणात तमाचा भार, तिरपेपणात रजाची गती आणि साध्या, मोकळ्या टोकांत सत्त्वाची स्पष्टता दिसते. यांचा तोल ढळला की दोष उघड होतो: जाडी अति झाली की ‘ष’ किंवा ‘क्ष’ यांच्या आतील पोकळी बुजून अक्षरच झाकले जाते, आणि ताठ अक्षर यंत्राने नुसते कलवले की काना झुकतो, शिरोरेषा आडवीच राहते व अनुस्वार आणि रफार आपल्या जागेवरून उजवीकडे सरकल्यासारखे भासतात.

असा टंक कोठे योजावा याचा निर्णय करण्यास मीमांसाशास्त्रातील एक भेद साहाय्यक ठरतो. त्या शास्त्रात ‘विधी’ म्हणजे काय करावे हे सांगणारे वाक्य, आणि ‘अर्थवाद’ म्हणजे त्या कर्माची स्तुती करून मनात रुची उत्पन्न करणारे वाक्य. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नसून विधीशी एकवाक्यता साधल्यानेच तो सार्थ होतो. वाट दाखवणारी ताठ अक्षरांची पाटी ही विधीसारखी, तर ठळक तिरप्या अक्षरांतील स्वागत हे अर्थवादासारखे आहे. म्हणून असे रूप अर्थ बदलत नाही, तर अर्थाकडे वळण्याची प्रवृत्ती निर्माण करते, आणि दोन-चार शब्दांच्या शीर्षकात ते शोभते, दीर्घ मजकुरात शिणवते. स्वागताचा फलक अलिबागच्या फाट्याची पाटीच झाकू लागला, तर मात्र ज्याच्या आधाराने स्तुतीला अर्थ येतो तो विधीच लोपतो, आणि उरते ते केवळ आवरण.