तळं भरलं कधी?

शेततळं म्हणजे शेतकऱ्याची बँक. खातं त्याचं, ठेव त्याची, तेव्हा गावाने त्याचा हिशेब मागू नये, असा युक्तिवाद हल्ली कृषी मेळाव्यांतून आणि शेतीविषयक पुरवण्यांतून फार आत्मविश्वासाने मांडला जातो. कर्जाने आणि दुष्काळाने पिचलेल्या माणसाला निदान पाणी तरी स्वतःचं म्हणता यावं, ही इच्छा मला समजते. पण ही ठेव येते कुठून, हे विचारल्याशिवाय खातं कोणाचं ते ठरत नाही.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 साली आली, तेव्हा अनुदानाची कमाल मर्यादा 50 हजार रुपये होती आणि कल्पना सरळ होती. शेताच्या सखल कोपऱ्यात खड्डा, वरच्या अंगाला पाणी आत येण्याचं तोंड, खालच्या अंगाला सांडवा. वाहून जाणारा पाऊस अडवायचा आणि पावसाने ओढ दिली की एक-दोन पाळ्या देऊन पीक वाचवायचं. आता सिन्नर, चांदवड, संगमनेरच्या बाजूची कागदाची तळी पाहा. चारी बाजूंनी जमिनीच्या वर उचललेले बांध, आत 500 मायक्रॉनचा काळा कागद. बहुतेक तळ्यांना पाणी आत यायला तोंडच नसतं. शेजारून ओहोळ वाहत गेला, तरी त्याचा थेंब आत शिरणार नाही.

30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, अशा तळ्यात बाजूंचा उतार धरून सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस होणाऱ्या भागात त्याच्या 900 चौरस मीटर तोंडावर थेट पडणारं पाणी साडेचार लाख लिटर होतं. क्षमतेचा पाचवा हिस्सा. उरलेलं साडेसतरा लाख लिटर मोटर लावूनच आणावं लागतं, विहिरीतून नाहीतर बोअरमधून. ईश्वर काळे यांनी 2017 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधल्या लेखात या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. पाऊस झेलण्यासाठी काढलेली तळी भूजल उपसून उघड्यावर साठवण्याच्या टाक्या झाल्या आहेत, हे त्या लेखाचं सार. तो गंभीरपणे वाचला जायला हवा होता.

उघड्यावर साठवण्याची किंमतही मोजू. फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांत रोजचं बाष्पीभवन सरासरी 7 मिलिमीटर धरलं आणि तळं भरलेलं ठेवलं, तर साडेसात लाख लिटर पाणी हवेत जातं. तळ्याचा एक तृतीयांश. जमिनीखाली असतं तर त्याला ऊन लागलं नसतं. आणि माणशी रोज 55 लिटर हा पिण्या-वापरण्याचा सरकारी निकष लावला, तर असं एक भरलेलं तळं हजार वस्तीच्या गावाला 40 दिवस पुरतं. ज्या शिवारात अशी शेकडो तळी आहेत, तिथे एप्रिलमध्ये टँकर का येतो, याचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे.

इथवर मी कागदाच्या तळ्याच्या विरोधात बोललो. पण त्याच्या बाजूचा एक आक्षेप सबळ आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी धरून ठेवण्याची ताकद फार थोडी. मुरलेलं पाणी मुरमात आणि भेगांत राहतं, उताराने सरकत ओढ्याला लागतं. सप्टेंबरात काठोकाठ असलेली विहीर जानेवारीत तळ दाखवते ती केवळ उपशामुळे नाही. पाणी पाझरूनही जातं. द्राक्षवाला म्हणतो, ‘जे पाणी माझ्या शिवारात थांबणारच नाही, ते मी भर पावसात उचलून कागदात ठेवलं तर कोणाचं काय गेलं? मला तर ते मेमध्ये हवंय.’ जालना जिल्ह्यातलं कडवंची आधी पाणलोटाची कामं करून आणि मग शेततळी बांधून द्राक्षांवर उभं राहिलं. त्या गावाला सरसकट दोषी धरणं मला अन्यायाचं वाटतं. ओढ्याला लागणारं पाणी खालच्या गावाचं असतं, हे खरंच. पण पावसाळ्यात ओढा दुथडी वाहत असताना उचललेल्या पाण्याने खालचं गाव कोरडं पडत नाही. माघात उपसलेल्या पाण्याने पडतं.

म्हणून माझा आक्षेप कागदावर नाही. तळं कशातून भरलं आणि कधी भरलं, या दोन प्रश्नांवर त्याची पारख व्हावी.

आणि पारख कोणी करायची, हे ठरवताना विलासराव साळुंखे यांच्याकडे वळावं लागतं. 1972च्या दुष्काळाने हादरलेला पुण्याचा हा अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेला, देवस्थानची पडीक जमीन घेऊन पाणी अडवण्याचे प्रयोग करू लागला आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणलोट विकासाच्या इतिहासात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, पण त्यांचं खरं म्हणणं गुंडाळून ठेवलं जातं. बांधबंदिस्ती पुष्कळांनी केली. साळुंखेंनी पाण्याची मालकी जमिनीपासून सोडवली. पाणी माणशी मिळेल, एकराला नाही: दरडोई अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उसाला पाणी नाही. आणि योजनेच्या खर्चातला 20 टक्के भार लाभधारकांनी उचलायचा, म्हणजे पाणी दान म्हणून येणार नाही. यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी हितसंबंधाला भिडणारा होता, तरी दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून तो स्वीकारला आणि पाळला. ‘शेतकरी असं काही मान्य करणार नाही’ असं म्हणणाऱ्यांनी नायगावचा इतिहास वाचावा. साळुंखे 2002 साली गेले. त्यानंतर आपण कागदाला, ठिबकाला, खोदाईला अनुदान दिलं. वाटणीच्या प्रश्नाला हात लावला नाही. त्यांच्या चौकटीत तळ्याची बँक बसत नाही, कारण भूमिहीनाचं खातं त्या बँकेत उघडतच नाही.

कायदा अजून दोन पायांवर वेगवेगळ्या दिशांना उभा आहे. 1882चा सुविधाधिकार कायदा जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या हाती देतो. महाराष्ट्राचा 2009चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालू पाहतो. तो 2014मध्ये अमलात आला, पण बोअरच्या गाड्या थांबल्या नाहीत.

विषयांतर वाटलं तरी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. दर उन्हाळ्यात अशा तळ्यांत मुलं बुडतात आणि त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसंही. चारी बाजूंना कुंपण आणि तळापर्यंत सोडलेले गाठी मारलेले दोर यांचा खर्च कागदाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. ते जागेवर पाहिल्याशिवाय अनुदानाचा रुपयाही सुटू नये.

अनुदानाची दुसरी अट तोंडाची असावी. एका हेक्टरवर 500 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याचा पाचवा हिस्सा वाहिला, तर दहा लाख लिटर पाणी होतं. सव्वादोन हेक्टरच्या उतारावर वाहणारं पाणी एक तळं भरतं. तेव्हा मोटरीशिवाय तळं भरत नाही, हे म्हणणं सगळीकडे खरं नाही. जिथे खरं आहे, तिथे विहिरीतून ऑक्टोबरअखेरपर्यंतच भरावं. बोअरमधून कधीही नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला, त्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज लागली नाही.

हा अंक तुमच्या हाती असेल, त्याच आठवड्यांत तळी भरण्याच्या मोटरी सुरू असतील. रब्बीची पेरणी आटोपायच्या आत ग्रामसभा बोलवा. गावातली तळी मोजा, विहिरींची पातळी फळ्यावर लिहा, उपसा थांबवण्याची तारीख ठरवा. आणि त्या सभेला भूमिहीनांना पुढे बसवा.