न दिसणे आणि नसणे

घरच्या वायफायवर चालणारा सुरक्षा कॅमेरा अडला, की मोबाइलच्या ॲपवर ‘ऑफलाइन’ अशी पाटी येते. त्या पाटीवरून नेमके काय कळते? कॅमेरा बिघडला, की तो राउटरपासून तुटला, की दोन्ही ठीक असून ॲपलाच तो गाठता येत नाही? हा दुरुस्तीचा प्रश्न सोडवायचा तर ज्ञानमीमांसेतल्या एका जुन्या प्रश्नाला भिडावे लागते: एखादी वस्तू आढळत नाही, एवढ्यावरून ती नाही असे केव्हा म्हणता येते?

भारतीय दर्शनांनी याचा कसून विचार केला आहे. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि पुढे अद्वैत वेदान्त यांनी अनुपलब्धी (न आढळणे) हे सहावे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. जमिनीवर घट नाही हे ज्ञान घट न आढळण्यातूनच होते, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते अभावही (वस्तूचे नसणेही) प्रत्यक्षानेच कळतो. अनुपलब्धी त्या प्रत्यक्षाला साहाय्य करते, एवढेच. मात्र एका अटीवर दोन्ही पक्षांचे एकमत आहे: घट असता तर तो आढळलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेडात घट दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तींच्या मतेही, जे दिसण्याजोगेच नाही त्याच्या न दिसण्यातून फक्त संशय उरतो, अभावाचा निश्चय होत नाही.

कॅमेऱ्याच्या तपासणीत हीच अट पावलोपावली लागू होते. ॲप बहुधा कंपनीच्या सर्व्हरमार्फत कॅमेऱ्यापर्यंत पोचते. मधला इंटरनेटचा दुवा तुटला तरी पाटी तीच येते. म्हणून शोध राउटरपासून सुरू करावा. कॅमेऱ्यावरच्या लेबलावर बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता छापलेला असतो. तो राउटरच्या डीएचसीपी यादीत (राउटरने ठरावीक मुदतीसाठी वाटलेल्या आयपी पत्त्यांच्या यादीत) सापडला, तर शेजारी सध्याचा आयपी पत्ता मिळतो. पण यादीत तो नसणे हा पुरावा नव्हे: कॅमेऱ्याला आयपी पत्ता हाताने दिलेला असेल, तर तो या यादीत येईलच असे नाही. उलट पत्त्याची मुदत संपेपर्यंत बंद कॅमेऱ्याची नोंदही तिथे राहू शकते.

पत्ता कळल्यावर घरातल्या लॅपटॉपवरून पिंग करतात, म्हणजे त्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येते का ते पाहतात. उत्तर आले नाही तरी घाई नको. काही उपकरणे पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. त्याच लॅपटॉपच्या एआरपी यादीत (आयपी आणि मॅक पत्त्यांच्या जोड्यांच्या यादीत) त्या आयपीसमोर कॅमेऱ्याचा मॅक पत्ता नव्याने उमटला, तर कॅमेरा जाळ्यावर जिवंत आहे. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल, तर मात्र ही चाचणीच अयोग्य ठरते, कारण त्या जाळ्यातून घरची इतर उपकरणे सहसा दिसत नाहीत. बाहेरून जोडणीसाठी पोर्ट उघडले असेल, तर घरात बसून सार्वजनिक पत्त्यावर केलेली चाचणीही फसवी असते. काही राउटर ती वाट आतून देतच नाहीत.

कॅमेरा राउटरजवळ आणला, वीज नीट मिळते याची खात्री केली, बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांना लागणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा चालू ठेवला, वायफायचा पासवर्ड नव्याने भरला आणि दुसरे उपकरण त्याच पट्ट्यावर सहज जोडले गेले, तर ‘असता तर आढळला असता’ हे म्हणणे खरे ठरते. तरीही कॅमेरा जोडला गेला नाही, तर दोष कॅमेऱ्यात आहे असे साधार म्हणता येते.

हा विवेक यंत्रापुरता ठेवून भागत नाही. रात्रीच्या चित्रणात कोणी दिसत नाही, म्हणून कोणी बाहेरून आलेच नाही आणि चोरी घरकाम करणाऱ्या बाईनेच केली, असा निष्कर्ष अनेकदा सहज काढला जातो. त्या वेळी कॅमेरा जोडलेला होता का, केवळ हालचाल टिपल्यावरच तो चित्रण करतो का, दुसरे दार त्याच्या कक्षेत येते का, हे आधी तपासणे नैतिक कर्तव्य आहे. पाहणाऱ्या साधनाची योग्यता सिद्ध झाल्याशिवाय रिकामे चित्रण कोणाविरुद्धही साक्ष देऊ शकत नाही; तोवर हाती असतो तो केवळ संशय, आणि संशयावरून कोणाला दोषी ठरवणे हा अन्याय आहे.