सनदेचा धर्म

धायरीतली एखादी बाई पोटगीसाठी शिवाजीनगरच्या न्यायालयात जाते आणि वकीलपत्रावर सही करते, तेव्हा ती आपला आवाजच परक्याच्या हाती सोपवते. तिचा भरवसा त्या माणसाच्या ओळखीवर नसतो, सनदेवर असतो. म्हणून सनद चोख राखणे ही माझ्या मते निव्वळ कारकुनी नाही, तो वकिलाच्या धर्माचाच भाग आहे. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल वकिलांची नामावली ठेवते. पदवी खरी आहे का, माणूस प्रत्यक्ष वकिली करतो का, हे तपासायला २०१५ चे पडताळणी नियम आले. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते.

अर्ज भरून सचोटी येते का, असे कोणी विचारेल. नाही येत. पण नित्यकर्माबद्दल मीमांसकांचे एक जुने मत आहे: ते केल्याने वेगळे पुण्य मिळत नाही, टाळल्याने दोष मात्र लागतो. सनदेच्या अर्जांचेही तसेच. पैशांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की नोंदणी शुल्क कायद्यातल्या मर्यादेपलीकडे घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. कर्तव्य सांगणाऱ्या संस्थेनेही आधी कायदा पाळावा, हे रास्तच. तरी पत्ता बदलून तो न कळवणाऱ्या वकिलाची त्यामुळे सुटका होत नाही. त्या बाईने तक्रार केली, तर नोटीस पोचणार कुठे?