दिवसा लावलेला दिवा

छपराच्या कामासाठी त्याने चार हजार डॉलर आगाऊ मागितले, तिथून हे सगळं सुरू झालं.

आम्ही आयोवाच्या वायव्येला, मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या एका छोट्या गावात राहतो. गारपिटीत घराचं छप्पर गेलं. मागच्या गल्लीत राहणारा एक माणूस ही कामं करतो. तो पूर्वी शेती करायचा, आता करत नाही. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आगाऊ रकमेचं ऐकल्यावर एक सहकारी म्हणाला, "त्याचं दिवाळं निघालं होतं म्हणे. बघून घे. सगळं उघड रेकॉर्ड असतं."

मी बघायला गेलो, आणि आधी चुकीच्या जागी गेलो. काउंटीच्या कोर्टात खिडकीमागच्या बाईंनी मान हलवली. इथे जमिनीचे दस्त मिळतील, दिवाणी दावे मिळतील. दिवाळखोरी इथे नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने दिवाळखोरीचे कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, त्यामुळे या फायली संघराज्याच्या दिवाळखोरी न्यायालयात असतात. आमच्या भागासाठी ते न्यायालय म्हणजे उत्तर आयोवा जिल्ह्याचं. त्याची कचेरी सीडर रॅपिड्स आणि सू सिटीत. तिथे जाऊन कचेरीतल्या संगणकावर फाईल फुकट पाहता येते. घरबसल्या पाहायची तर 'पेसर' नावाची यंत्रणा आहे: पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ. म्हणजे एका माणसाचं आयुष्य उलगडून पाहणं मला फुकटात पडणार होतं.

रात्री जेवण झाल्यावर मी त्याचं नाव टाकलं. केस सापडली. चॅप्टर ७, म्हणजे जे विकता येईल ते विकून देणी भागवायची आणि उरलेल्या बहुतेक कर्जातून मोकळं व्हायचं.

अशा अर्जात काय काय असतं याची मला कल्पना नव्हती. कर्जदाराला सगळंच लिहून द्यावं लागतं. घरातलं फर्निचर, कपडे, बंदूक, पाळीव जनावरं, प्रत्येकाची अंदाजे किंमत. कोणाचे किती देणं आहे त्याची यादी. महिन्याचं उत्पन्न. महिन्याचा खर्च: किराणा, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, दानधर्म, सगळे वेगवेगळ्या ओळींत. खोटं लिहिलं तर गुन्हा. ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेले असतात, अल्पवयीन मुलांची फक्त आद्याक्षरं असतात. बाकी सगळं उघडं. देणेकऱ्यांच्या यादीत हॉस्पिटल होतं, बियाण्याचं दुकान होतं, आणि त्याचा सख्खा भाऊ होता. भावाचं नाव वाचल्यावर मी संगणक मिटला.

मी काहीही बेकायदा केलं नव्हतं. मग आपण कोणाच्या तरी माजघरात शिरलो आहोत असं का वाटत होतं?

या फायली उघड्या का असतात याला चांगली कारणं आहेत. ज्याचे पैसे बुडणार आहेत त्याला हिशेब पाहण्याचा हक्क आहे. न्यायालय बंद दाराआड कोणाचं कर्ज माफ करू लागलं तर ते नेहमी बड्या लोकांचंच होईल, ही शंकाही रास्त आहे. समाज एखाद्याला नवी सुरुवात देतो, तर ती कशाच्या आधारावर दिली हे समाजाला कळायला हवं. आपल्याकडेही जुन्या काळी व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं की तो दुकानात दिवसाढवळ्या दिवा लावून बसे, 'दिवाळं' शब्द त्यावरूनच आला, असं सांगतात. त्या दिव्याचा अर्थ होता: माझ्याकडे आता काही नाही, माझ्या भरवशावर कोणी राहू नका. तो दिवा बाजारासाठी होता. ज्यांचा त्याच्याशी व्यवहार होता त्यांच्यासाठी होता. त्या उजेडात त्याच्या बायकोच्या पेटीतले कपडे मोजायला कोणी येत नसे.

मला गावाकडचा सातबारा आठवला. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलेला असायचा. तो पाहायचा तर चावडीवर तलाठ्याकडे जावं लागे, आणि तिथे बसलेल्या चार जणांना कळे की अमका तमक्याचा उतारा काढायला आला होता. संध्याकाळपर्यंत ते अण्णांच्या कानावर येई. पाहणाराही पाहिला जाई. आज सातबारा मोबाइलवर दिसतो. ते चांगलंच झालं. उताऱ्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपा वाचल्या. पण सोयरीक ठरवण्याआधी मुलाकडच्यांनी आपला बोजा पाहिला की नाही, हे आता मुलीच्या बापाला कळत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका खटल्यात या फरकाची दखल घेतली होती. तो खटला दिवाळखोरीचा नव्हता, एफबीआयकडच्या गुन्हेगारी नोंदींच्या संकलनाचा होता. गावोगावच्या कोर्टांत विखुरलेली माहिती उघड असली तरी ती सगळी एका जागी गोळा झाली की तिचं स्वरूप बदलतं, असं न्यायालयाचं म्हणणं. मधल्या कष्टांचा एक आडोसा असतो. तो कोणी कायद्याने बांधलेला नसतो, पण माणसं त्याच्या आधाराने जगत असतात.

तरी आडोसा परत उभारा, असं मला म्हणायचं नाही. आडोशाचा फायदा लबाडालाही होतो. शिवाय नोंद जाळून कर्जाचा प्रश्न सुटत नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला आणि मग आसपास शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, कारण त्या कागदांवर काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं आणि सावकार म्हणेल ते खरं होत होतं. १८७९ च्या कायद्याने कर्जाच्या व्यवहाराची कोर्टाला मुळापासून तपासणी करता येऊ लागली. तिथे गरिबाची बाजू उजेडानेच घेतली. प्रश्न नोंद उघडी असण्याचा नाही. ती उघडणाऱ्या हाताचा आहे.

आणि माझ्या हाताने साधा व्यवहारही चुकवला होता. मला जाणून घ्यायचं होतं की हा माणूस पैसे घेऊन काम अर्धवट सोडेल का. त्याचं उत्तर दिवाळखोरीच्या फाईलमध्ये असतंच असं नाही. अपुऱ्या कामाबद्दल कोणी दावा लावला असेल तर तो काउंटीच्या कोर्टात सापडला असता, ज्या खिडकीवरून मी परत फिरलो तिथेच. कंत्राटदार म्हणून तो राज्याकडे नोंदलेला आहे का, ते पाहता आलं असतं. आधीच्या दोन गिऱ्हाइकांना विचारता आलं असतं. मी ते केलं नाही. मला जे हवं होतं त्याऐवजी जे सहज मिळत होतं ते मी वाचलं, आणि त्याला खबरदारी म्हटलं.

नोंदीत रक्कम असते, कारण नसतं. हॉस्पिटलचं देणं किती हे मला कळलं. आजारी कोण होतं हे कळलं नाही. गावातल्या जुन्या माणसांना नेमकं उलटं माहीत असणार. त्यांना आकडा ठाऊक नसेल, पण कोणत्या साली काय झालं ते ठाऊक असेल. आकडा कळला म्हणून मी त्यांच्याहून जास्त जाणकार झालो नव्हतो.

दोन दिवसांनी तो माप घ्यायला आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. न सांगता त्याच्याशी बोलणं मला जमेना. तो शिडी धरून थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने विचारलं, "शेवटचा कागद वाचलात?"

मी वाचला नव्हता. शेवटचा कागद म्हणजे कर्जमुक्तीचा आदेश. तो फाईलमध्ये बाकीच्या कागदांइतकाच उघडा होता, बहुतेक सगळ्यांत लहान होता, आणि माझ्या प्रश्नाशी थोडाफार संबंध असलाच तर त्याचाच होता: हा माणूस आज कोणाचं काय देणं लागतो. भावाच्या नावापर्यंत वाचून मी थांबलो होतो, आणि त्या थांबण्याला मी संकोच समजत होतो.

"नाही," मी म्हणालो.

"भावाचे पैसे मी तरीही फेडतोय," तो म्हणाला. "ते तिथे लिहिलेलं नाही." आणि शिडी चढून वर गेला.

पैसे आम्ही अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर असे ठरवले. हे ठरवायला कोणतीही फाईल उघडावी लागली नसती. आता कोणाची नोंद पाहायची वेळ आली की मी आधी स्वतःला विचारतो, यातलं नेमकं काय मला हवंय, आणि पाहिलं हे त्या माणसाला तोंडावर सांगता येईल का. कधी कधी उत्तर हो असं येतं, आणि मग मी पाहतो. पाहिलं तर शेवटच्या कागदापर्यंत पाहतो.