हौदातली माकडीण

अकबर-बिरबलाच्या नावावर चालत आलेली एक गोष्ट आपल्याकडे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते: रिकाम्या हौदात माकडीण व तिचे पिल्लू सोडतात, पाणी चढू लागते, ती पिल्लाला आधी कडेवर, मग खांद्यावर, मग डोक्यावर घेते, आणि पाणी नाकाशी आले की त्यालाच पायाखाली घेऊन उभी राहते. तात्पर्य, जिवापेक्षा प्रिय काही नाही. याउलट वैष्णव आचार्यांनी भक्ताने ईश्वराला कसे धरावे हे सांगण्यासाठी आईच्या पोटाला घट्ट बिलगलेल्या वानरपिल्लाचा दृष्टान्त घेतला, आणि त्याला मर्कटकिशोरन्याय हे नाव पडले. वानरांच्या ममतेविषयीची ही दोन मते. आणि विसाव्या शतकातील प्राणिशास्त्राचा प्रवास पाहिला तर तोही पहिल्यापासून दुसऱ्याकडेच, पण बऱ्याच ठेचा खात, झालेला दिसतो.

१९२५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कृत्रिम खडकांची एक बंदिस्त टेकडी उभारून तीत सुमारे शंभर हमाद्रियास बबून, बहुतांशी नर, सोडण्यात आले. १९२७ साली त्यांत तीस माद्यांची भर घातली, आणि नरांच्या ओढाताणीत त्यांतील बहुतेक माद्या काही वर्षांतच प्राणास मुकल्या. सॉली झुकरमन यांनी मुख्यतः याच रणधुमाळीच्या आधारे १९३२ साली ग्रंथ लिहिला आणि वानरसमाजाला एकत्र बांधणारा दुवा कामवासना हाच होय, असा निकाल दिला. तो पुष्कळ काळ जवळजवळ बिनतक्रार मान्य झाला. पुढे १९६०च्या सुमारास हान्स कुमर यांनी इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात याच जातीचे बबून पाहिले, तेव्हा असे आढळले की, मादीचे एका नराशी साहचर्य जुळले की त्याच्या ओळखीचा दुसरा नर सहसा तिच्या वाटेस जात नाही. लंडनमध्ये मात्र परस्परांस अनोळखी जीव एकत्र कोंडले होते. तेथील पुरावा त्या कैदेचा होता, जातिस्वभावाचा नव्हता.

आई दूध पाजते म्हणून मूल तिला बिलगते, हे त्या काळचे आणखी एक प्रतिष्ठित मत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांनी १९५०नंतरच्या दशकात लाल तोंडाच्या माकडांची नवजात पिल्ले आयांपासून तोडून त्यांच्यापुढे दोन बाहुल्या ठेवल्या: एक तारेची, दुधाची बाटली लावलेली, आणि दुसरी मऊ कापडाची, दुधावाचूनची. पिल्ले तारेच्या आईपाशी पिण्यापुरती जात आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाच्या आईला कवटाळून बसत. या प्रयोगातील निर्दयता कोणत्याही युक्तिवादाने झाकता येण्यासारखी नाही. तथापि आचार्यांनी दृष्टान्तापुरते जे पाहिले होते, ते त्याने प्रयोगशाळेत शाबीत केले.

यानंतरचा इतिहास सबुरीचा आहे. १९६० साली जेन गुडॉल टांझानियातील गोम्बे येथे चिंपांझींच्या सहवासात राहू लागल्या, आणि एकमेकांचे केस विंचरीत तासन्‌तास बसणारे जीव जसे त्यांना दिसले, तसेच १९७४ ते १९७८ या काळात एका टोळीने शेजारच्या टोळीतील नर एकेक करून संपविल्याचेही दिसून आले. म्हणजे मोकळ्या रानातही सारे गोकुळच असते, असे नाही. उलटपक्षी हॉलंडमधील आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयात, कुंपणाच्या आतच पण ऐसपैस जागेत वाढलेल्या चिंपांझींत, फ्रान्स द वाल यांनी १९७५च्या सुमारास पाहिले की, भांडण संपल्यावर थोड्याच वेळात ते दोघेच वैरी हात पुढे करून एकमेकांचे चुंबन घेतात. भांडण टळत नाही. पण ज्यांचा सहवास मोलाचा असतो, ते सलोखा केल्यावाचून राहत नाहीत. या सलोख्याचे मोल किती, याचा दाखला केनियातील अंबोसेलीच्या बबूनांनी दिला: सोळा वर्षांच्या नोंदींवरून २००३ साली असे दिसून आले की, ज्या माद्यांचा इतरांशी घरोबा अधिक, त्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात. मैत्री ही पोट भरल्यानंतरची चैन नसून वंश टिकविणारी शिदोरी आहे, असा याचा अर्थ.

तेव्हा हौदातल्या माकडिणीची गोष्ट नातवंडांना अवश्य सांगावी. मात्र ती सांगताना हौदात पाणी सोडण्याचा हुकूम कोणी दिला होता, हेही त्यांना सांगावे.