चौकड्यांवर हक्क कुणाचा?

परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच्याकडे ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या, पलटणी होत्या; समोर युरोपीय अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेले शिंद्यांचे कंपू. पेहराव टिकला की परंपरा टिकली, असे आपण सहज म्हणतो. असईत लढलेल्या या पलटणींच्या किल्टचा, म्हणजे चौकड्यांच्या घागरेवजा पेहरावाचा, इतिहास मात्र वेगळे सांगतो: पेहराव गणवेशात शिरला की त्याचा मालक बदलतो.

राजाविरुद्धच्या १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १७४६ मध्ये कायदा करून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना किल्ट आणि टार्टन, म्हणजे चौकड्यांचे कापड, घालायला बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षांची हद्दपारी. बंदी १७८२ पर्यंत राहिली, पण सरकारी सैन्यातल्या हायलँडरांना ती लागू नव्हती. म्हणजे जो किल्ट गावात घातला तर गुन्हा, तोच राजाच्या चाकरीत मानाचा. कापडावरही हीच खूण दिसते. गर्द निळ्या, हिरव्या आणि काळ्या चौकड्यांच्या सरकारी टार्टनवर पांढऱ्या आणि तांबड्या रेघा ओढल्या की ७८ व्या पलटणीचा मॅकेंझी टार्टन तयार. घराण्याचे नाव वर, सरकारी वीण खाली.

यावर कुणी म्हणेल, सैन्याने जपला नसता तर किल्ट तेव्हाच नाहीसा झाला असता. यात तथ्य आहे, आणि त्या कापडात रक्त सांडणाऱ्या शिपायाचा अभिमानही खराच होता. पण १८०९ मध्ये भरतीला माणसे मिळेनात, तेव्हा एका हुकुमाने सहा पलटणींचा डोंगरी पेहराव काढून घेण्यात आला. असईत निम्म्याहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झालेली ७४ वी त्यांतलीच एक. पराक्रमानेही त्या पेहरावावरचा हक्क शिपायाचा झाला नाही. याउलट परभणी जिल्ह्यातल्या पालम परिसरातल्या धोतर-पटक्याला कुणी कायद्याने बंदी केली नाही, की पलटणीत नेऊन सांभाळलेही नाही. तो रोजच्या वापरातून मागे पडतोय, पण घालायचा की नाही हे घालणाराच ठरवतो. म्हणून एखादा पेहराव जपला गेला याचा आनंद मानण्याआधी तो कुणी, कशासाठी जपला, हे विचारायला हवे. घालणाऱ्याच्या मर्जीने बदलणारी, प्रसंगी सुटणारीही वहिवाट हुकुमाने टिकवलेल्या दिमाखापेक्षा अधिक जिवंत असते.